मका पिवळा पडला तेव्हा

मातीतला नायट्रोजन मोजणं हे माझं काम. अमरावतीत एका दुकानाच्या वरच्या मजल्यावर आमची प्रयोगशाळा आहे. शेतकरी पिशवीतून माती आणतात. ती औषधं घालून उकळली की निघणारी वाफ खाली ठेवलेल्या फ्लास्कमध्ये उतरते आणि त्यातलं गुलाबी द्रावण हिरवं होतं. मग थेंबाथेंबाने आम्ल सोडून ते पुन्हा गुलाबी करायचं. किती आम्ल लागलं त्यावरून मातीत नायट्रोजन किती ते कळतं.

माझे मिस्टर गेल्याचा फोन आला तेव्हा फ्लास्क नुकता हिरवा झाला होता. मी तो गुलाबी होईपर्यंत काम पुरं केलं, आकडा लिहिला, फ्लास्क धुतला, मग पर्स घेतली.  

चांदूर रेल्वेजवळ आमचं शेत आहे. मी अमरावतीत नोकरी करायची आणि ते धाकट्या दिरासोबत शेत पाहायचे. मोटारसायकलने जाऊन-येऊन. सोयाबीन काढून दोघांनी मका पेरायला घेतला होता. पेरणी संपत आली असताना ते पेरणीच्या तासातच, म्हणजे ओळीतच, खाली बसले आणि आडवे झाले. हृदय बंद पडलं होतं. दिराने तालुक्याच्या दवाखान्यात नेलं, पण तिथे काही करण्यासारखं उरलं नव्हतं.

पुण्यानुमोदनाचा विधी झाला, पाहुणे गेले, मी कामावर जाऊ लागले. मला रडू येत नव्हतं. भूकही लागत नव्हती, पण समोर आलं की जेवत होते. भाजी खारट झाली होती हे कुणी सांगितलं तर कळायचं. ऑटोवाला "ताई, आलं" म्हणायचा तेव्हा मी उतरायची.

मका गुडघ्याएवढा झाला असेल तेव्हा दिराचा फोन आला.

"वहिनी, मका पिवळा पडून राहिला. युरियाचा दुसरा डोस टाकून देतो."

"थांबा भाऊजी. आधी माती पाहू."

"मातीत काय पाह्यचं? साऱ्याइनं टाकला. कृषी केंद्रवालाही टाक म्हणते."

"रविवारी येते मी," म्हटलं आणि फोन ठेवला.  नेहमी जे सांगायची तेच तोंडातून निघालं, एवढंच.

रविवारी एसटीने गेले. दीर शेतात माती काढायचं गिरमिट आणि घमेलं घेऊन उभे होते. मका खरंच पिवळा होता, खालची पानं जास्त. मी त्यांना सांगितलं, धुऱ्याजवळची, बांधालगतची माती घ्यायची नाही, झाडाखालची नाही, शेणखताचा ढीग होता तिथली नाही. शेतातून नागमोडी चालायचं, दोन तासांच्या मधोमध गिरमिट फूटभर खाली घालायचं आणि निघेल ती माती घमेल्यात टाकायची.

आम्ही चालत गेलो. ते गिरमिट फिरवायचे, मी घमेलं धरायची. शेताच्या मध्यावर आल्यावर दीर एकदम डावीकडे वळले आणि लांबून जाऊ लागले.

"भाऊजी, इकडून सरळ यायचं आहे."

ते थांबले. खाली पाहत म्हणाले, "वहिनी, दादा इथंच..."

मला ती जागा माहीत नव्हती. कुणी दाखवली नव्हती, मीही विचारलं नव्हतं. तिथे मका उगवला होता, आजूबाजूला होता तसाच. काहीतरी होईल म्हणून मी जरा वेळ उभी राहिले. काही झालं नाही.

"इथलीही घ्या," मी म्हटलं.

"राहू द्या नं."

"वाटेत आली तर घ्यावी लागते."

त्यांनी गिरमिट लावलं. पण फिरवलं नाही. मी ते घेतलं आणि स्वतः फिरवलं. माती ओली होती, गिरमिटाला चिकटून बसली. बोटाने काढून घमेल्यात टाकली. पुढे आणखी काही जागा घेतल्या, मग सगळी माती पोत्यावर ओतून कालवली. ढिगाचे चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे, पुन्हा कालवायची. अर्धा किलो उरली. आता कुठली कुठली ते सांगता येत नव्हतं. दीर बाजूला तोंड करून रुमालाने डोळे पुसत होते. मी पिशवीवर शेताचा गट नंबर लिहिला.

निघताना विचारलं, "पाणी कधी दिलं होतं? माती फार ओली आहे."

"परवा. लाईन रातची येते. मोटर लावून देतो अन् झोपतो. बारे मोडाचं, पाणी या सरीतून त्या सरीत वळवाचं, सारं दादाच करे. मले त्याचा अंदाज नाही येत."

नायट्रोजन कमी निघाला नाही. उन्हाळ्यातलं शेणखत होतं, आधीच्या सोयाबीनचं बेवड जमिनीत उरलं होतं, पेरताना दिलेलं खतही होतं. मुळं पाण्यात बसली होती, म्हणून मका पिवळा. मी फोन करून सांगितलं, पाणी बंद करा, माती सुकून वाफसा आला की तासांमधून डवरा फिरवून ती मोकळी करा, मग युरिया द्या, तोही अर्धाच.

"दादा असता तर पुरा टाकला असता," दीर म्हणाले.

"असते तरी मी अर्धाच सांगितला असता."

"हो, अन् त्यानं पुरा टाकला असता."

ते खरंच होतं. पलीकडे ते हसले, तेव्हा मला वाटतं मीही हसले.

पंधरवड्यात मका हिरवा झाला. कणसं भरली तेव्हा दिरांनी मला धुऱ्याकडे नेलं आणि सांगून टाकलं, "या तासाइले म्या पुरा डोस टाकला होता. तुमाले बोललो नाही." त्यांनी त्या तासातली कणसं आणि इतर तासांतली कणसं सोलून एकापुढे एक ठेवली. फरक नव्हता. ती पाहून ते म्हणाले, "म्हणजे उगाच टाकला." मी म्हटलं, "हो." बरोबर ठरल्याचा आनंद व्हायला हवा होता, असं मला वाटलं, पण ते दुसऱ्या कुणाबद्दल वाटावं तसं.

त्या दिवशी गावातल्या घरी सासूबाईंनी अंगणात कणसं भाजली. एक माझ्या हातात देऊन त्या शेजारी बसल्या.

"तू रडली काहून नाहीस वं?" त्यांनी विचारलं. आवाजात राग नव्हता.

"माहीत नाही, आई."

त्यांनी माझ्या कणसावरची राख फुंकली. मग म्हणाल्या, "खाऊन घे. थंडं होऊन राहिलं."

मी खाल्लं. गोड होतं. मीठ थोडं कमी होतं, तसं मी त्यांना सांगितलं, आणि त्या मीठ आणायला उठल्या.