पट्टी ओढून बघताना

आमच्या कारखान्यात वायरमन विजेच्या पॅनेलसमोर रबरी चटईवर उभा राहून काम करतो. आज मी नुसता त्याच्या पायांकडे बघत राहिलो. अशाच चटयांचं रबर मी मळतो. माल जोखायचा तर आम्ही त्या रबराची पट्टी दोन्ही हातांनी ओढून बघतो. परवा नेहमीसारखी भरावाला चिनी माती घातलेली पट्टी पटकन तुटली, म्हणून पुढच्या मालात कुणाला न विचारता मी काजळी ओतली, टायरात घालतात तशी. पट्टी तुटता तुटेना. मी खूश!

तपासणीच्या शिंदेबाईंनी मीटर लावला.

"चटईला पैलवान केलंस रे बाबा! पण काजळीतून वीज जाते. वर उभा राहणाऱ्यानं काय करायचं?"

त्यांनी सगळा माल बाद केला. मला मात्र कामावरून काढू दिलं नाही. हे उपकार कसे फेडू? आठवीत शाळा सुटली, पुढचं सगळं हातानंच शिकलो. हाताला ताकद कळते, आतून काय वाहतंय ते कळत नाही.

गावाहून आईचा फोन येतो. "बरा आहेस ना?"

"एकदम मजबूत," मी म्हणतो, आणि रबरात ओतायच्या आधी भुकटीच्या पोत्यावरचं नाव पुन्हा वाचायला जातो.