डोंगरावरच्या खालाचं टाकं

सौदी अरेबियात आम्ही स्वेटर घालून बसतो, असं मी नाशिकला फोनवर सांगायचे तेव्हा आईला वाटायचं, मी एसीबद्दल बोलतेय. पण अबहाच्या डोंगरांत खरोखरच थंडी पडते, धुकं उतरतं आणि बऱ्या वर्षी चांगला पाऊसही होतो. माझा नवरा तिथल्या एका घाटरस्त्याच्या कामावर इंजिनिअर होता. कंपनीने आम्हाला शहरात घर न देता साइटजवळच्या एका लहान गावात दिलं. २००० सालानंतरची ती सुरुवातीची वर्षं. मुलगी चार वर्षांची होती. रियाधला किंवा दम्मामला असतं तसं मराठी मंडळ, भारतीय शाळा असलं काही आसपास नव्हतं. आम्ही वरच्या मजल्यावर राहायचो आणि खाली घरमालकीण. तिला सगळं गाव खाला म्हणायचं, म्हणजे मावशी. आम्हीही तेच म्हणू लागलो.

खाला साठी ओलांडलेली, विधवा. मुली लग्न होऊन लांबच्या शहरांत गेलेल्या. डोक्याला पिवळा रुमाल आणि त्यावर रुंद काठाची गवताची टोपी घालून ती दिवसभर शेळ्यांमागे, नाहीतर डोंगरउतारावरच्या पायऱ्यापायऱ्यांच्या शेतात असायची. माझी अरबी मोडकीतोडकी आणि तिची अरबी त्या डोंगरातली. तरी महिन्याभरात आमचं बोलणं जमू लागलं.

तिच्या अंगणाखाली दगडात खोदलेलं पाण्याचं टाकं होतं. ती त्याला बिरका म्हणायची. गच्चीवर आणि घरामागच्या उघड्या कातळावर पडलेला पाऊस दगडी पन्हळीतून त्यात उतरायचा. गावातल्या बाकीच्यांनी आपापली टाकी केव्हाच बुजवली होती, कारण समुद्राचं पाणी गोडं करून टँकरने घरोघर येऊ लागलं होतं. आमच्या गच्चीवरची टाकीही टँकरच भरायचा. खाला धुण्याभांड्याला ते पाणी वापरायची, पण प्यायला आणि कॉफीला बिरकाचंच. दर पावसाळ्याआधी ती पन्हळ झाडून काढायची, फटी चुन्याने बुजवायची. आम्ही पाहुणचाराला गेलो की आधी त्या पाण्याचा पेला हातात यायचा आणि तोंडाला लावला की ती आमच्या चेहऱ्याकडे बघत राहायची.

मग पाऊस हुकला. एक हंगाम गेला, दुसराही कोरडाच गेला. शेतात जव पिवळा पडून उभ्याउभ्या वाळला. उतारावरचं अरारचं जंगल, सुरूसारख्या बारीक पानांच्या त्या झाडांचं, शेंड्याकडून तांबूस दिसायला लागलं. माकडं पाण्यासाठी घरांपर्यंत यायची आणि गच्चीवरच्या टाक्यांची झाकणं उचकटायची. टँकरला मागणी इतकी वाढली की आमच्यासारख्या वळणावळणाच्या रस्त्यावरच्या गावाकडे यायला ड्रायव्हर तयार होईनात. फोन केला की पलीकडून “बुकरा” ऐकू यायचं, उद्या. तो उद्या आठवडाभर यायचा नाही. मी भाजी धुतलेलं पाणी फ्लशला आणि मुलीच्या आंघोळीचं पाणी फरशीला वापरत होते. माहेरी सिन्नरकडच्या मावशीने हे सगळं आयुष्यभर केलं होतं. मी सौदीत येऊन शिकले.

एका दुपारी आमची टाकी कोरडी ठणठणीत पडली. मी बादली घेऊन संकोचत खाली गेले, तर अंगणात खालाने बिरकाचं लोखंडी झाकण बाजूला केलं होतं आणि शेजारणी हंडे, डबे घेऊन उभ्या होत्या. कोणी मागायला जायच्या आत तिने स्वतःच निरोप धाडला होता. ती दोराने पाणी शेंदायची आणि स्वतःच्या हाताने प्रत्येकीचं भांडं भरायची. घरात माणसं किती, तान्हं मूल आहे का, कोणी आजारी आहे का, हे तिला ठाऊक असायचं आणि पाणी त्या हिशेबाने मिळायचं. हुज्जत घालायला जागाच नसायची.

त्या बायकांत सगळ्यात मागे पलीकडच्या घरातली बाई उभी होती. तिच्या नवऱ्याचं आणि खालाचं शेताच्या बांधावरून भांडण होतं. कित्येक वर्षं दोन्ही घरांत बोलणं नव्हतं. बाई खाली बघत होती. खालाने शेंदणं थांबवलं आणि हाक मारली.

“मागे का उभी? तुझ्या सासूचं औषध घ्यायची वेळ झाली असेल. इकडे ये.”

तिचं भांडं काठोकाठ भरून दिलं. बांधाबद्दल एक शब्द नाही. नंतर मी विचारलं, “खाला, राग नाही आला?”

“राग आहेच,” ती म्हणाली, “पण तो बांधाचा आहे. पाण्याचा नाही.”

त्या उन्हाळ्यातल्या एका शुक्रवारी, नमाजहून पुरुष परतत असताना, खालच्या दरीतून धूर वर आला. सहलीला आलेल्या कुणीतरी निखारे न विझवता टाकले असावेत, असं पुढे लोक म्हणाले. वारा दरीतून वर गावाकडे होता. अरारचं झाड पेटलं की तेलात टाकल्यासारखं तडतडतं. तो आवाज आम्हाला अंगणात ऐकू यायला लागला. पुरुष फावडी, कुऱ्हाडी घेऊन उताराकडे पळाले. अग्निशामक दलाची गाडी आली, जवानांनी जिवापाड काम केलं, पण गाडीतलं पाणी संपलं आणि पुन्हा भरायला ती डोंगर उतरून गेली.

नवरा साइटवरून पिकअपमध्ये डिझेलचा पंप आणि पाइप घालून घेऊन आला. अंगणात येऊन तो खालासमोर थांबला. पंप टाकला तर टाकं तळापर्यंत रिकामं होणार, हे त्यालाही कळत होतं.

“खाला, बादल्यांनी काढलं तर थोडं उरेल. पंपाने काही उरणार नाही. टँकर कधी येईल, सांगता येत नाही.”

खालाने धुराकडे पाहिलं. जास्त वेळ नाही घेतला तिने.

“टाक,” ती म्हणाली. “यल्ला, चल, आधी त्याच्या घराकडे धर. त्याचा चारा सुकलाय, आग तिथूनच गावात शिरेल.”

ते घर भांडणवाल्या शेजाऱ्याचं होतं.

शेजाऱ्याच्या म्हाताऱ्या आईला गावाच्या वरच्या टोकाच्या घरात हलवलं होतं. मुलीला मी तिच्याजवळ ठेवलं आणि खाली आले. आम्ही बायकांनी गोण्या, घोंगड्या, जाजमं, जे हाताला लागलं ते भिजवून पुढे दिलं. नवरा आणि शेजारी पाइप धरून गोठ्याचं छप्पर आणि भिंती भिजवत होते. खाला अंगणातून हलली नाही. टाक्याच्या तोंडाशी वाकून पाणी कुठवर उतरलं ते ओरडून सांगत राहिली, म्हणजे उरलेलं कुठे वापरायचं ते खालच्यांना ठरवता यावं. शेवटी पंप नुसती हवा ओढायला लागला. “खलास,” ती म्हणाली आणि स्वतः ओली गोणी उचलून उताराकडे निघाली.

गाडी पाणी घेऊन परतली तेव्हा आग दगडी बांधांवर अडली होती. शेजाऱ्याचा चारा गेला, गोठ्याचं एक आढं जळालं. खालाची अरारची मोठी झाडं, नवऱ्याची आठवण म्हणून जपलेली, काळी होऊन उभी राहिली. माणूस, जनावर कुणी दगावलं नाही. घरं शाबूत राहिली.

दुसऱ्या दिवशी मी खाली गेले, तर खाला बिरकात उतरलेली. आतून तिचा आवाज घुमत आला, “बिंती, घमेलं दे.” बिंती म्हणजे माझी मुलगी. इतक्या वर्षांत तळ पहिल्यांदाच उघडा पडला होता, तर गाळ काढून घेऊ, असा तिचा विचार. मीही पायऱ्यांनी खाली उतरले. आत गार होतं आणि भिंतींवर जुन्या छिन्नीचे घाव दिसत होते. आम्ही खरवडत असताना वरून कुणीतरी चुन्याची गोणी आणून ठेवली. शेजारी होता. तो आत उतरला आणि गिलाव्याच्या भेगा भरायला लागला. खालाने त्याच्याकडे थापी सरकवली.

पुढचे काही आठवडे कंपनीचा टँकर नवऱ्याने खटपट करून गावाकडे वळवला आणि त्यावर सगळ्यांनी भागवलं. मग ढग आले. गारांसकट पाऊस कोसळला आणि आम्ही सगळे अंगणात धावलो. खालाने मात्र पन्हळीच्या तोंडाशी दगड लावून पाणी बाहेर काढून दिलं. गच्चीवरची, कातळावरची आगीची राख आधी धुऊन जाऊ दे, म्हणाली. इतके दिवस थेंब थेंब जपणाऱ्या आम्हाला ते करडं पाणी उताराने वाहून जाताना बघवत नव्हतं. ती शांतपणे उभी होती. अधूनमधून ओंजळीत पाणी घेऊन पाहायची, टाकून द्यायची. पाणी नितळ आलं तेव्हाच तिने दगड काढला.

शेजारी भर पावसात पन्हळीपाशी फडकं ताणून उभा राहिला, काटक्या आत जाऊ नयेत म्हणून. खालाने माझ्या हाती त्याच्यासाठी कॉफी पाठवली. त्याने ती उभ्यानेच प्यायली आणि कप मला परत दिला. त्या दिवशीही दोघं एकमेकांशी बोलले नाहीत. बोलणं सुरू झालं ते पुढे ईदला, आणि तेही शेळ्यांबद्दल.