बॉनेटवरचा हात

आमच्या सोसायटीत कुणाचीही गाडी येऊन थांबली की दौलतअण्णा आधी बॉनेटवर तळवा ठेवायचे आणि मग आत कोण बसलंय ते बघायचे. पोराच्या कपाळावर हात ठेवून आई ताप बघते ना, अगदी तसं. गाडी जावयाची असो नाहीतर सोसायटीच्या चेअरमनची, त्यांना फरक नव्हता. एक पाहुणा तर खेकसलाच होता, "ओ काका, हात काढा, पेंट खराब होईल!" अण्णा ढिम्म. "पेंटाचं सोडा, पंखा फिरतोय का बघा आधी. लय तापलीय." पाहुणा फणफणत जिना चढून गेला. त्याची गाडी ठणठणीत होती ही गोष्ट वेगळी, पण हे अण्णांना पटवून देणारा माणूस अख्ख्या इंदिरानगरात नव्हता.

अण्णा मूळचे सिन्नरकडचे. उभा जन्म कांद्याच्या ट्रकवर गेला, उत्तरेतला एकही घाट सोडला नाही. म्हातारपणी लीलाकाकूंना घेऊन आमच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये राहायला आले, पण राहायला म्हणजे नावालाच. या माणसाला बूड टेकवणं ठाऊकच नव्हतं. चहा उभ्यानं, पेपर फेऱ्या मारत, आणि जेवताना दोनदा उठून खिडकीतून खाली लावलेल्या जीपकडे बघणार. काकू म्हणायच्या, "अहो, ती काय पळून जातीय का?" त्यावर यांचं उत्तर ठरलेलं, "ती नाय जात गं, मलाच उभं ऱ्हायलं की बरं वाटतं. बसल्या जागी माणसाला गंज चढतो."

ती जुनी जीप हाच त्यांचा जीव. द्राक्षांच्या हंगामात आम्ही चार बायका निफाडजवळच्या एका पॅकहाऊसवर द्राक्षं पेट्यांत भरायच्या कामाला जायचो, आणि आमची ने-आण अण्णा करायचे. मी पुढे बसायची. अण्णांचा एक डोळा रस्त्यावर आणि दुसरा इंजिनाचं तापमान दाखवणाऱ्या काट्यावर. वेगाच्या काट्याकडे चुकूनही बघायचे नाहीत. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "वंदनाताई, स्पीड काय, लोकान्ला दाखवायला असतो. ह्यो काटा आपल्याला बघायला असतो. इंजन गार बी नको अन् तापलेलं बी नको. जाग्यावर पायजे." आणि काटा मधोमध उभा राहिला की मान डोलवून म्हणायचे, "जाग्यावर हाय." हीच त्यांची सगळ्यात मोठी शाबासकी. आमटी जमली तरी जाग्यावर हाय, कुणाच्या सुनेचा स्वभाव चांगला निघाला तरी जाग्यावर हाय. माझ्या नवऱ्याबद्दल मात्र ते कधी म्हणाले नाहीत, आणि मीही विचारलं नाही.

आता खरी गंमत सांगते. इंजिन गार असेपर्यंत रेडिएटरकडे जाणारं पाणी अडवून धरायचं आणि तापलं की सोडायचं, यासाठी गाडीत एक छोटा वॉल्व असतो. अण्णांनी तो केव्हाच काढून फेकून दिला होता. जुन्या ट्रकवाल्यांची ही रीतच. वॉल्व अडकून बसला तर गाडी घाटात उकळणार, मग मुळात नकोच तो! द्वारका चौकाजवळच्या गॅरेजमधला अस्लम त्यांच्यामागे हात धुऊन लागला होता, "अण्णा, बसवून घ्या ना नवीन वॉल्व. थंडीत गाडी गरमच होत नाही तुमची, इंजिनची वाट लागते खालीपिली." अण्णा उसळायचे, "माझं डोकं शाबूत हाय तवर मला वॉल्व कशाला रे? त्या डबीवर इसवास ठेवू आन् सवताच्या डोळ्यावर नको?"

वॉल्व नसला की पाणी कायम फिरत राहतं, आणि निफाडच्या थंडीत त्या पाण्याला ऊब कुठून यायची? तिथली थंडी म्हणजे द्राक्षबागांमधून शेकोट्या पेटवतात, तसली. मग अण्णांनी त्यांचा ट्रकवरचा जुना उपाय काढला. पहाटे निघताना कांद्याच्या गोणीचं बारदान जाळीपुढे, म्हणजे रेडिएटरच्या तोंडावर, बांधायचं. वारं अडलं की इंजिन ऊब धरतं. आणि पॅकहाऊसवर पोचून ऊन चढू लागलं की ते आठवणीनं सोडायचं. बांधायला काकूंच्या जुन्या साडीचे काठ. गाठ अशी की एक टोक ओढलं की सुटलीच. ते बारदान सोडून, झटकून, घडी घालून सीटखाली ठेवत नाहीत तोवर अण्णा आमच्याशी धड बोलायचेसुद्धा नाहीत.

पण गेल्या हिवाळ्यात काकूंच्या जिवाला घोर लागला. एकदा गॅसवर दूध ठेवून अण्णा खाली निघून गेले. एकदा भाजी आणायला गेले आणि कोपऱ्यावर किती तरी वेळ नुसते उभे राहिले, घरी कुठून वळायचं ते सुचेना. काकू म्हणाल्या, "गाडी बंद करा आता. चार घरच्या लेकीबाळी घेऊन जाता तुम्ही." अण्णांचा पारा चढला. माझ्यासमोरच म्हणाले, "दुधाचं काय घिऊन बसलीस? ज्या दिवशी माझ्या गाडीतनं वाफ निघंल, त्या दिवशी किल्ली तुझ्या हातात आणून ठिवीन. मग म्हण, म्हातारा संपला म्हणून!" खरं सांगते, त्या दिवसापासून माझंही लक्ष त्या काट्यावर असायचं.

तो दिवस फार लांब नव्हता. माल कमी आला म्हणून आम्ही भर दुपारीच सुटलो. ऊन चांगलं कडक होतं. जीपला मागून चढायचं, त्यामुळे पुढे काय आहे ते कुणी बघितलं नाही, आणि मीसुद्धा गप्पांच्या नादात दार उघडून बसले. चांदोरी गाव मागे पडलं आणि काटा मध्य सोडून वर सरकायला लागला. अण्णांनी काट्याच्या काचेवर टिचकी मारली. "का चढतोय ह्यो?" पुन्हा टिचकी. स्टिअरिंगवर त्यांची बोटं नुसती नाचत होती. "पंख्याचा पट्टा बरोबर हाय. पाणी सकाळीच बघितलं. मंग का चढतोय?" मी म्हटलं, "अण्णा, थांबू या." "थांब गं, बघू दे मला!" माझ्यावर ते तेव्हा पहिल्यांदाच खेकसले. तेवढ्यात बॉनेटच्या फटीतून फुस्स करून वाफ आली.

जीप बाजूला घेतली. आम्ही सगळ्या उतरून पुढे आलो आणि जागच्या जागी थिजलो. जाळीपुढे बारदान तसंच बांधलेलं होतं. सकाळी आमच्या डोळ्यांदेखत अण्णांनी बांधलेलं. आता अण्णा त्याच्याकडे बघत होते, पण ओळखीचं काही त्यांच्या नजरेत नव्हतं. मग त्यांचा आवाज चढला. "कुणी बांधलं हे? आं? माझ्या गाडीला हात कुणी लावला? त्या पॅकहाऊसच्या वॉचमननं लावला का? कुणाचं काम हाय हे, सांगा!"

आमच्यातली कुसुम तर रडायलाच लागली. अण्णा तणतणत गाठीपाशी वाकले, टोक धरून ओढलं, आणि गाठ अलगद सुटली. साडीचा काठ हातात आला. त्याच्यावरून त्यांनी अंगठा फिरवला. "हिच्या हिरव्या साडीचा काठ हाय हा," ते हळूच म्हणाले. मग माझ्याकडे बघून, "मीच बांधलं व्हतं, नाय का ताई?" मला नाही म्हणता आलं नाही. हो म्हणायचाही धीर झाला नाही.

अण्णा रस्त्याकडेच्या बाभळीखाली जाऊन बसले. खाली बसले! इतक्या वर्षांत मी त्यांना असं मांडी घालून बसलेलं पहिल्यांदा पाहिलं, आणि मला ते अजिबात बघवेना. काहीतरी करायचं म्हणून मी पाण्याचा कॅन उचलला. बसल्या जागेवरून ते ओरडले, "ताई, झाकणाला हात लावू नको, भाजशील! आन् तापल्या इंजनात गार पाणी ओतायचं नसतं, हेड तडकतं. निवू दे आपलं आपण. माणसाचं बी तसंच असतं." एवढं सगळं त्यांना लख्ख आठवत होतं, आणि सकाळचं बारदान तेवढं आठवत नव्हतं. असला कसला हा न्याय, तुम्हीच सांगा!

निवायला बराच वेळ गेला. परतताना मागच्या तिघी कुजबुजल्या, काकूंना यातलं काही सांगायचं नाही. मलाही तेच वाटत होतं. हंगाम संपेपर्यंत तरी म्हातारा चालवेल, मी लक्ष ठेवीन, बारदान मी सोडीन. तसं मी अण्णांना बोलूनही दाखवलं. त्यांनी नकारार्थी मान हलवली. "तू आज पुढंच बसली व्हतीस ना गं," एवढंच म्हणाले. रागानं नाही.

इंदिरानगरला न वळता त्यांनी जीप सरळ द्वारका चौकात अस्लमच्या गॅरेजवर नेली. अस्लम धावत आला, बॉनेटवर ओघळलेलं पाणी बघून काय ते समजला. अण्णा म्हणाले, "वॉल्व बसव." अस्लमला वाटलं थट्टाच चाललीय. "क्या बात है अण्णा, आज सूरज किधर से निकला?" अण्णा हसले नाहीत. अस्लमनं मुकाट्यानं पाना घेतला.

घरी आल्यावर जिना चढून त्यांनी काकूंच्या हातात किल्ली ठेवली. काकू पीठ मळत होत्या, किल्लीला पीठ लागलं. अण्णा म्हणाले, "वॉल्व बसवून आणलाय. आता गाडीला तिचं तिला कळंल. मला नाय गं कळत आता." काकूंनी इतके दिवस हेच मागितलं होतं, आणि आता ते मिळाल्यावर त्या भिंतीला टेकून हमसून हमसून रडल्या. दुसऱ्या दिवशी काकूंनी ती किल्ली माझ्या दारात आणून दिली. "तू चालव. गाडी नुसती उभी राहिली तर त्यांना सोसायचं नाही."

मी चालवायला शिकून घेतलं, आणि आता जीप मीच चालवते. काटा थंडीतही हळूहळू चढतो आणि बरोबर मध्यावर थांबतो, बारदान लागत नाही. मी संध्याकाळी परत आले की अण्णा फाटकापाशी येरझाऱ्या घालत असतात. जीप थांबताच पुढे येतात, बॉनेटवर तळवा ठेवतात, डोळे मिटून जरा वेळ उभे राहतात. "जाग्यावर हाय," म्हणतात. त्यांचा हात अजून चुकत नाही.

मग डोळे उघडून माझ्याकडे परक्या बाईकडे बघावं तसं अदबीनं बघतात आणि विचारतात, "बाई, ह्या गाडीचा ड्रायव्हर कुठं गेला हो?"

मी सांगते, "चहाला गेलाय, अण्णा. येईल एवढ्यात."

"बरं बरं," म्हणतात, आणि त्याची वाट बघत पुन्हा फाटकापर्यंत फेऱ्या मारायला लागतात.