बाबांचा वस्तरा

कुडाळच्या बाजारात मी वस्तऱ्यांना धार लावतो. हल्ली नव्याने वस्तऱ्याने दाढी करायला शिकणारी पोरं येतात आणि म्हणतात, "काका, धार जरा कमीच ठेवा." माझं डोकंच फिरतं. अरे, बोथट वस्तरा दाबावा लागतो, म्हणून तोच कापतो!

हे मला बाबांनी शिकवलं. म्हातारपणी त्यांचे हात थरथरायला लागले, तेव्हा त्यांनी आपला वस्तरा धार लावायला माझ्याकडे दिला. मी घाबरलो आणि मुद्दामच तो अर्धवट घासून परत केला. वस्तरा पहिल्यांदा फिरवताच त्यांचा गाल कापला. रक्त न पुसताच ते म्हणाले, "माका फसयलंस रे."

पुन्हा त्यांनी दाढी केलीच नाही.

ते गेले तेव्हा मी त्याच वस्तऱ्याने डोकं भादरून घेतलं, धार न लावता.