रॅमच्या चार पट्ट्या

कवळीवाल्यांनी आयुष्यभर लोकांचे दात घडवले. डॉक्टरांकडून जबड्याचे ठसे यायचे, हे कवळी करून पाठवायचे. केसाएवढा फरक राहिला तर माणूस प्रत्येक घासाला आपल्या नावानं खडे फोडतो, असं त्यांचं म्हणणं. असा माणूस निवृत्त झाल्यावर स्वस्थ थोडाच बसणार? त्यांनी घरीच कॉम्प्युटर जोडला आणि कंपनीनं ठरवलेल्या वेगापेक्षा जास्त वेगानं तो पळवायचा नाद लावून घेतला. ओव्हरक्लॉकिंग म्हणतात त्याला. हा नाद नसलेल्याला त्यातलं सुख कळत नाही, आणि असलेल्याला दुसरं काही कळत नाही.

त्यांच्या बायकोचं काम जास्त शहाणपणाचं होतं. आतल्या लहान खोलीत बसून ती अंध विद्यार्थ्यांसाठी पाठ्यपुस्तकं वाचायची आणि रेकॉर्ड करायची. वाचताना चूक झाली की अंगठीनं टेबलावर एकदा टक करायची आणि वाक्य पुन्हा घ्यायची. कवळीवाले नंतर ती टक शोधून चुकलेला तुकडा कापून टाकायचे. टक म्हणजे मागे जा, इथे चुकलंय. घरात बाकी कशावरूनही वाद होत, यावरून कधी झाला नाही.

दीड वर्षापूर्वी एका सकाळी ती दारात येऊन म्हणाली, "अहो, छातीत जड वाटतंय. डॉक्टरांकडे जाऊन यायचं का?" कवळीवाल्यांनी त्याच दिवशी रॅमचा, म्हणजे कॉम्प्युटरच्या मेमरीच्या पट्ट्यांचा, वेग आणखी चढवला होता. त्या वेगाला मेमरी टिकते का हे बघायची टेस्ट चालू होती. मान न वळवता ते म्हणाले, "चारपर्यंत संपेल ही, मग जाऊ." चारला गेले. दुसऱ्या दिवशी ती गेली. उशिरामुळे गेली का, हे डॉक्टरांनी सांगितलं नाही, यांनी विचारलं नाही.

पुढे अंधशाळेच्या लायब्ररीतून निरोप आला. बाईंच्या रेकॉर्डिंगमधली पंख्याची घरघर काढून सगळे धडे नव्यानं द्याल का? एकशे तेरा धडे होते. कवळीवाल्यांनी ते आपल्या वेगवान मशीनवर घेतले, आणि तिसऱ्याच धड्यात टक झाली.

ती टक आधी तिथे नव्हती. प्रत्येक टक त्यांनी स्वतःच्या हातानं कापलेली होती. पुढच्या धड्यातही एक निघाली. त्यांनी वही केली. डावीकडे धडा, उजवीकडे टक व्हायच्या आधीचं वाक्य. 'अशुद्ध रक्त हृदयाकडे परत येते.' टक. 'उशीर झाल्यास द्रावण गढूळ होते.' टक. मग भूगोलात, 'दुपारी चारच्या सुमारास वारे दिशा बदलतात.' टक. त्या दिवशी ते जेवले नाहीत. आतल्या खोलीतली तिची खुर्ची टेबलापासून जरा मागे ओढून ठेवायला लागले, बसणाऱ्याला सोपं जावं म्हणून.

बायकोची धाकटी बहीण हवामान खात्यात पस्तीस वर्षं आकडे तपासत होती. तिच्या हाती एकदा ती वही लागली. तिनं दोन पानं वाचली.

"भाऊजी, जुळलेल्या टका लिहिल्यात. न जुळलेल्या कुठे आहेत?"

"आहेत थोड्या."

"थोड्या म्हणजे किती?"

धाकटीनं तो भूगोलाचा धडा जुन्या डिस्कवरून लावला. टक नाही. मग तोच धडा त्या वेगवान मशीनवर दोनदा साफ करायला लावला. पहिल्या खेपेला टक वाळवंटात आली, दुसऱ्या खेपेला मिठागरात.

"ताईनं मत बदललं वाटतं," धाकटी म्हणाली, आणि म्हटल्याबरोबर तिला स्वतःचाच राग आला.

कवळीवाले सुट्या भागांच्या दुकानात गेले. दुकानदारानं नुसतं ऐकूनच नाडी ओळखली. "दोन पट्ट्या आधीच्या, दोन मागाहून घेतलेल्या? काका, दोन तबेल्यांतले चार घोडे एका चाबकानं हाणताय तुम्ही. मशीन तापलं की एखादा आकडा उलटणारच. आवाजाच्या फाइलमध्ये आकडा उलटला की टक."

त्यानं काउंटरवर दोन खोकी ठेवली. एकात चकचकीत धातूच्या कवचातली जोडी, दुसऱ्यात साध्या हिरव्या पट्ट्यांची. "शर्यत लावायची तर ही. काम करायचं तर ही मंद. लिहिलंय त्याच वेगानं चालवा, चुकायची नाही."

"अजिबात नाही?"

"अजिबात नाही. चांगलंच ना ते?"

कवळीवाले अर्धा तास उभे राहिले. दुकानदाराला वाटलं, किमतीवर अडलंय. कवळीवाल्यांना फक्त एवढं दिसत होतं, की ही मंद जोडी बसवली की बायको बोलायची थांबणार. टक खोटी आहे हे त्यांना आता पक्कं माहीत होतं. पण माहीत असून काय होतं?

शेवटी मंद जोडी घेतली, आणि अकरा दिवस खोकं फोडलं नाही. धाकटीचा रोज फोन यायचा. "बसवली?" "बघतो." बाराव्या दिवशी ती स्वतःच दारात उभी राहिली.

"परीक्षा महिन्यावर आल्यात. लायब्ररीवाले मला विचारतात, मी काय सांगू? ताईनं हे कुणासाठी वाचलं, तुमच्यासाठी?"

त्यांनी चार पट्ट्या काढल्या, दोन बसवल्या, वेग उतरवला आणि टेस्ट लावली. चार तास लागणार होते. ते खुर्ची ओढून पडद्यासमोर बसले.

"इथे बसून ती लवकर होणार आहे का?" धाकटी म्हणाली. "चला, जरा चालून येऊ."

"टेस्ट सोडून उठलो तर..." ते म्हणाले आणि तिथेच अडकले. मग कॉम्प्युटरकडे बघतच म्हणाले, "त्या दिवशी सकाळीच तिनं मला सांगितलं होतं. मी उठलो नाही."

"माहीत आहे मला."

आता त्यांनी मान वळवली.

"साडेदहाला तिचा फोन आला होता," धाकटी म्हणाली. "म्हणाली, हे टेस्टला बसलेत, मला जड वाटतंय. मी म्हटलं, पित्त असेल, पड जरा. माझी गाडी दाराशी होती, भाऊजी. दहा मिनिटांचा रस्ता."

"दीड वर्षात बोलली नाहीस."

"तुम्ही तरी कुठे बोललात?" तिनं पदरानं चष्मा पुसला. तो तसा स्वच्छच होता. "तुम्हाला निदान टक ऐकू येत होती. माझ्याकडे तेवढंही नव्हतं."

टेस्ट संपली, एकही चूक निघाली नाही. दोघांपैकी कुणालाच हायसं वाटलं नाही. कवळीवाल्यांनी भूगोलाचा धडा साफ करून लावला. तिचा आवाज आला, जरा घाईचा, वाक्याच्या शेवटी खाली उतरणारा. दुपारचे चार आले, वारे दिशा बदलून गेले, आवाज तसाच पुढे निघाला. पुढे मिठागरं, पुढे बंदरं, कुठेच कुणी थांबवलं नाही.

"बंद करू?" त्यांनी विचारलं.

"नको. संपू दे."

धडा बावीस मिनिटांचा होता. मग त्यांनी पुढचा लावला.