तिच्या झटका मशीनचं कुलूप

माझ्या सख्ख्या भावानं झटका मशीन घेतली ती तिची. शेताच्या तारेत हलका झटका सोडून रानडुकरं पळवणारी ही मशीन गोंडपिपरीतल्या माझ्या दुकानात मीच बनवते, आणि हा पठ्ठ्या बसनं भद्रावतीला जाऊन तिच्याकडून घेऊन आला! ती म्हणजे डिप्लोमाला माझ्याच बाकावर बसणारी. "तुही मशीन पाण्यापावसात बंद पडते ना, बाई," म्हणाला. अंगाचा तिळपापड झाला. खरं होतं म्हणूनच जास्त.

धानाच्या लोंब्या भरल्या होत्या, डुकरं बांधापर्यंत येत होती. तारेचा स्क्रू ढिला झाला म्हणून भाऊ मशीन माझ्याकडं टाकून गेला. "संध्याकाळपर्यंत दे, नाई तर धान जाते," म्हणाला. स्क्रू पाच मिनिटांत आवळला. मग झाकण लावायचं सोडून बघत बसले. काय सुबक बोर्ड! नुसता जळफळाट.

अशा मशीनची सगळी अक्कल चिपमधल्या प्रोग्राममध्ये असते. कडेच्या तपासणीच्या पिना तिनं उघड्याच ठेवल्या होत्या. मी लॅपटॉप जोडला. प्रोग्रामला कुलूप, वाचू देईना. कुलूप काढायला गेलं की चिप आधी प्रोग्राम पुसते, हे मला पक्कं ठाऊक. पण पुसणं सुरू होताच वीज तोडली तर काही चिपा फसतात, कुलूप जातं नि प्रोग्राम राहतो, असं ऐकलं होतं. खरं सांगते, तिचं काहीतरी कच्चं निघावं, एवढंच मला हवं होतं.

तोडली वीज. चिप कोरी. कुलूप पक्कं होतं मेलीचं!

मग काय, तिलाच फोन. "बंद पडली तुही मशीन," एवढंच सांगितलं. दुपारच्या बसनं ती आली. भाऊही येऊन बसला होता. तिनं लॅपटॉप जोडला, पडद्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. चिप आपोआप अशी कोरी होत नाही, हे आम्हा दोघींनाच कळत होतं.

"काऊन बंद पडली?" भावानं विचारलं.

"माझीच चूक झाली, भाऊ. प्रोग्राम कच्चा राह्यला होता. आता नाई होत."

प्रोग्राम भरला आणि चहाही न घेता ती गेली. मी जळतच होते. मोठ्या मनाचीही हीच निघाली!

"तिची बी बंद पडतेच म्हणा," मशीन उचलत भाऊ म्हणाला. "नाल्याकडच्या वावराले तुहीच घेतो, बाई."

खरं सांगायला मी तोंड उघडलं, आणि म्हणाले, "घे ना."