पेटीवाल्या नानांचे वरचे सूर

माझ्या सासऱ्यांना, म्हणजे नानांना, माणसाचं नाव लक्षात राहत नसे. आवाजाची पट्टी मात्र जन्मभर राही. लग्न होऊन मी पनवेलला आले, तेव्हा उंबऱ्यावर उखाणा घेतला. बायका हसल्या, कुणी तो पुन्हा घ्यायला लावला. नाना पडवीत पाठमोरे बसले होते. मान न वळवता ते म्हणाले, "काळी पाच. थरथरते आहे, पण सूर खोटा नाही. घरात चालेल." सासरी झालेली माझी ही पहिली पारख. पेणला माझ्या माहेरी गाण्याचा गंध नव्हता. काळी पाच ही शिवी की आशीर्वाद, हे मला दोन दिवस कळलं नाही.

स्वातंत्र्य मिळून तेव्हा चार-पाच वर्षं झाली असतील. तळ्याच्या अंगाला आमच्या दोन खोल्या होत्या आणि पुढे पडवी. नाना पेट्या दुरुस्त करत, त्यांचे वडीलही तेच करत. पनवेल-उरणकडच्या गावांतली भजनी मंडळं गणपतीच्या आधी आणि सप्त्याच्या आधी आपापल्या पेट्या डोक्यावर घेऊन येत. कुणाचा भाता फाटलेला असे, कुणाचं कातडं उंदरांनी खाल्लेलं असे. श्रावणात तर पडवीत पाय ठेवायला जागा उरत नसे आणि मी चुलीपासून मोरीपर्यंत पेट्यांना वळसे घालत फिरे. सासूबाई जाऊन बरीच वर्षं झाली होती. घरात आम्ही तिघंच होतो, नाना, मी आणि माझे यजमान. हे कचेरीत कारकून होते.

घरातल्या प्रत्येक आवाजाला नानांनी पट्टी देऊन ठेवली होती. दार पांढरी चारमध्ये करकरे, म्हणून त्याला तेल घालायची मनाई होती. ह्यांच्या घोरण्याला सूर नव्हता, म्हणून त्यांच्या बुद्धीबद्दल नानांना कायम शंका होती. सगळ्यांत वरचा मान होता त्यांच्या धाकट्या बहिणीचा. ह्या आमच्या आत्याबाई उरणला दिलेल्या. त्या एस. टी.तून उतरून तळ्यापलीकडूनच "दादा" अशी हाक मारत, आणि नाना हातातली कानस खाली ठेवत. "हिची हाक थेट तार षड्जावर पडते," असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. "हिला दारात उभी करून मी पेटी जुळवून देईन." दोघंही वडिलांच्या पेटीशेजारी वाढलेली. आत्याबाईंचा कानही तितकाच तयार होता, फक्त त्याला कुणी विचारलं नव्हतं.

नानांची मतं पुष्कळ होती, आणि त्यातलं एक रेडिओबद्दल होतं. त्या काळी रेडिओवर पेटीला मज्जाव होता. नानांना तो अपमान स्वतःचा वाटे. शेजाऱ्यांकडे रेडिओ आला तेव्हा सगळी आळी तिथे जमली, नाना गेले नाहीत. "पेटीला उंबऱ्याबाहेर ठेवणाऱ्या यंत्राला माझ्या घराचा उंबरा नाही," असं त्यांनी जाहीर केलं आणि वर चार महिने त्या शेजाऱ्यांशी अबोला धरला. अशा माणसाने एके दिवशी आपणहून ह्यांना रेडिओ आणायला सांगितलं, तेव्हा हे मला हळूच म्हणाले, "नानांची प्रकृती ठीक आहे ना?" रेडिओ आला. नाना तो सकाळपासून इतका मोठ्याने लावत की आम्हाला एकमेकांशी ओरडून बोलावं लागे. बातम्या देणाऱ्याच्या प्रत्येक वाक्याला ते तिथल्या तिथे विरोध करत. मला वाटलं, म्हाताऱ्याला करमणुकीची चटक लागली. मी मनात हसलेसुद्धा.

मग लहानसहान फजित्या होऊ लागल्या. मी दूध चुलीवर ठेवून नानांना लक्ष ठेवायला सांगावं आणि पाणी आणायला जावं, तर परत येईपर्यंत झाकण थडथडून दूध चुलीत. नाना हातभर अंतरावर बसलेले. दूधवाला पाणी घालतो म्हणून ते उतू जातं, असा निकाल त्यांनी दिला. पाव्हणे दार वाजवून वाजवून शेजारी जाऊन बसत. नाना म्हणत, आजकाल लोकांना दार वाजवण्याचीही ताकद उरली नाही. त्यांच्यापाशी प्रत्येक गोष्टीला कारण तयार असे, आणि दोष नेहमी दुसऱ्याचा असे. मला राग येई. मी काही गरीब गाय नव्हते, पण सासऱ्यांना उलट बोलायची आमच्याकडे पद्धत नव्हती, म्हणून भांडी आपटत असे. नानांना तीही ऐकू जात नसत, हे मला पुढे कळलं.

ते कळलं कामोठ्याच्या धर्माबुवांमुळे. बुवा गावच्या भजनाचे मुख्य, खाली बघून बोलणारा भला माणूस. सप्त्याच्या आधी नेलेली पेटी ते तिसऱ्याच दिवशी परत घेऊन आले. पेटी खाली ठेवून ती उपरण्याने पुसत बसले. मग म्हणाले, "नाना, पेटी चांगली हाय. पन वरचं सूर आमच्या गल्याला मिलत नाय. आमचाच गला बिगरला असंल."

नानांनी ताबडतोब मिठागरांच्या हवेवर ठपका ठेवला. खारी हवा पितळाला खाते, तुम्ही पेटी झाकून ठेवत नाही, वगैरे. बुवांनी मुकाट्याने मान डोलावली. पण मी चहा घेऊन आले तेव्हा नाना वरच्या पट्ट्या दाबून बघत होते आणि त्या इतक्या बेसूर होत्या की मला, पेणच्या अडाणी पोरीलासुद्धा, दात आंबल्यासारखं झालं. नानांचा चेहरा शांत होता. खालच्या पट्ट्यांवर आले की ते हनुवटी पेटीच्या लाकडाला टेकवत. मग मला आठवलं, रेडिओशेजारी बसतानाही त्यांचा तळहात त्याच्या खोक्यावर असे. मी कप ठेवला आणि तिथेच उभी राहिले. नानांनी वर पाहिलं, आणि मला कळलंय हे त्यांना कळलं.

बुवा गेल्यावर त्यांनी मला समोर बसवलं. दोन सूर एकदम वाजवले आणि विचारलं, मध्ये लहर येते का. मी हो म्हटलं. त्यांनी पेटीच्या आतल्या, सूर देणाऱ्या पितळेच्या जिभेच्या टोकाशी कानस फिरवली आणि पुन्हा विचारलं. टोकाला घासलं की सूर चढतो, बुडाशी घासलं की उतरतो, आणि लहर थांबली की दोन सूर जुळले, एवढं शास्त्र मी त्या दुपारी शिकले. शेवटी ते कानस खाली ठेवून म्हणाले, "मुली, हे बाहेर गेलं तर भाद्रपदात एकही पेटी या पडवीत येणार नाही. बहिऱ्याकडे कोण पेटी आणील? मग मी दिवसभर काय करू?" ह्यांनासुद्धा सांगायचं नाही, असं वचन त्यांनी माझ्याकडून घेतलं. बहिरा हा शब्द त्यांच्या तोंडून मी तेवढाच एकदा ऐकला.

पुढची वर्षं मी नानांचे कान झाले. दुपारी आळी झोपली की आम्ही दार लोटून बसत असू. मी बोट वर केलं की सूर चढवायचा, खाली केलं की उतरवायचा. नाना चिडत, माझा कान पेणच्या चिखलाने भरलाय म्हणत, पण कानस माझ्या बोटानुसारच फिरवत. पेट्या पुन्हा गोड वाजू लागल्या. धर्माबुवा येऊन म्हणाले, नानांचा हात पयल्यासारखा झाला. नानांनी मिशीवर हात फिरवला आणि माझ्याकडे बघितलंही नाही. खरं सांगायचं तर मला त्या चोरट्या कामाचा अभिमान होता. ज्या घरात माझं मत कुणी भाजीच्या मिठापलीकडे विचारलं नव्हतं, तिथे माझ्या बोटावर गावोगावची भजनं उभी होती.

एका दिवाळीत मी माहेरी पेणला गेले होते. भाऊबीजेच्या आदल्या दिवशी हे मला घ्यायला आले, आणि भाऊबीज होऊन दुसऱ्या दिवशी आम्ही पनवेलला पोहोचलो तो पायरीवर फडक्यात बांधलेला अनारशांचा डबा. शेजारच्या काकूंनी सांगितलं की भाऊबीजेला आत्याबाई उरणहून ओवाळायला आल्या होत्या. आत पेटी वाजत होती. त्यांनी दार वाजवलं, "दादा, दादा" म्हणून हाका मारल्या. पेटी थांबली नाही. अर्धा तास दारात उभं राहून त्या रडत परत गेल्या, कुणाच्या घरी पाणीसुद्धा प्यायल्या नाहीत.

ह्यांनी आत जाऊन मोठ्याने जाब विचारला. नानांनी ह्यांच्या ओठांकडे नीट बघितलं. क्षणभर ते माझ्याकडे वळले, आणि त्या चेहऱ्याची मला आजही भीती वाटते. मग ते म्हणाले, "रियाजात उठत नाही मी. तिला माहीत असायला हवं." हे संतापून बाहेर निघून गेले. बहिणीला दारातून परत पाठवणारा भाऊ म्हणवून घेणं नानांनी पत्करलं. बहिरा म्हणवून घेणं पत्करलं नाही.

आत्याबाईंनी निरोप पाठवला की ज्या दारात मी नको झाले तिथे पुन्हा येणार नाही. मी नानांच्या मागे लागले, निदान मला पत्र लिहू द्या म्हणाले. त्यांनी नाही म्हणून मान हलवली. मला ते चोरून लिहिता आलं असतं. उरण काही काशीला नव्हतं. मी लिहिलं नाही, आणि वचन दिलं होतं हे त्याचं निम्मंच कारण. गुपित फुटलं की दुपारची ती बैठक संपेल आणि मी पुन्हा नुसती चुलीपुढची होईन, हे दुसरं कारण. ते मी कित्येक वर्षं स्वतःलाही सांगितलं नव्हतं.

पुढे नानांचे खालचे सूरही गेले. हनुवटी टेकवून जे समजे तेवढंच उरलं. दर भाऊबीजेला ते धुवट सदरा घालून दाराकडे तोंड करून बसत. कानांवर भरवसा नव्हता, म्हणून दारावरून नजर काढत नसत. मी जेवायला बोलवायला गेले तर हातानेच थांब म्हणत. अशा पाच भाऊबीजा गेल्या. सहावीच्या आधी, नवरात्रात, आठ दिवसांच्या तापाने नाना गेले.

तिसऱ्या दिवशी आत्याबाई आल्या. हाक न मारता आल्या, म्हणून आधी कुणाला कळलंच नाही. त्या पडवीत नानांच्या पेटीपाशी बसल्या आणि डोळे कोरडे ठेवून म्हणाल्या, "मी काय वाईट केलं होतं गं त्याचं?" तेव्हा मी सगळं सांगितलं. हेही ऐकत होते, ते भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

आत्याबाईंनी पेटी उघडली, भाता ओढला आणि वरच्या पट्ट्या एकेक करून दाबल्या.

"आता जुळली आहे," त्या म्हणाल्या. "कुणी जुळवली?"

"मी. त्या दिवाळीत मात्र मी पेणला होते, तेव्हा नानांनी एकट्यानेच कानस फिरवली होती."

"त्या दिवशी वरचे सूर पार फाटले होते. मी दाराबाहेर ऐकत होते. दादाकडून बेसूर वाजेल हे माझ्या मनातच आलं नाही. मला वाटलं, मी जावं म्हणून मुद्दाम वाजवतोय." मग भाता सोडून त्यांनी विचारलं, "आणि माझी हाक? ती तरी ऐकली असेल ना?"

खोटं बोलावंसं वाटलं, पण तेवढ्या वर्षांत मी बरंच बोलले होते. "आधी वरचे सूर गेले, आत्याबाई," मी म्हणाले. "तुमची हाक सगळ्यांच्या आधी गेली."

त्यांनी पेटीचं झाकण लावलं आणि त्यावर दोन्ही तळहात ठेवले.

"तू एक पत्र टाकायचंस गं," त्या म्हणाल्या. "मी आत येऊन त्याच्यापुढे उभी राहिले असते. हाक मारलीच नसती."